क्रॉप बॉडी ‘फाटते’, हे कधीपासून? हाय आयएसओ नॉइजची पार्श्वभूमी

नवीन कॅमेरा घ्यायचा म्हणून कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: क्रॉप नको घेऊस रे, १६०० च्या वर फाटते, थोडं थांब पण फुल फ्रेमच घे. क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरचा (प्रकाश पकडणाऱ्या चिपचा) कॅमेरा, फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरचा, आणि ‘फाटते’ म्हणजे अंधारात आयएसओचा आकडा (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, दिसतात. हे इतक्या वेळा कानावर पडतं की पुढे कोणी तपासायलाही जात नाही. आता यात तथ्य आहेच, पण त्यातलं थोडं भौतिकशास्त्राचं आहे आणि बरंचसं २००५ ते २००९ या काळात बाजारात जे काय घडलं त्याचं आहे, आणि आपण दोन्ही एकत्र कालवून एकच नियम म्हणून सांगत बसतो. माझं म्हणणं एवढंच की फॉरमॅटमुळे, म्हणजे सेन्सरच्या मापामुळे, पडणारा फरक तेव्हाही साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) होता आणि आजही तेवढाच आहे, बाकी जे काय दिसलं ते त्या त्या सालच्या सेन्सरचं कर्तृत्व.

सुरुवात फिल्मपासून करू, कारण ३६ बाय २४ मिमी हे माप डिजिटलवाल्यांनी ठरवलेलंच नाही. लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने १९१३ च्या आसपास सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या दोन फ्रेम मिळून एक फ्रेम असा छोटा कॅमेरा बनवला, तोच पुढे १९२५ मध्ये लायका म्हणून विकायला आला. त्या वेळी मोठ्या प्लेटवर आणि नंतर १२० रोलवर (रुंद फिल्मवर) काम करणारे लोक या ३५ मिमीला ‘मिनिएचर’ म्हणायचे आणि त्यांची तक्रार काय, तर एन्लार्ज केलं की दाणे दिसतात. म्हणजे आज ज्याला आपण फुल फ्रेम म्हणून डोक्यावर घेतो तो तेव्हाचा क्रॉपच होता. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे यशिका-मॅट किंवा रोलीकॉर्ड असायचा, त्याची ६ बाय ६ सेंटीमीटरची निगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेतीन पटीहून मोठी, त्यामुळे तीच ट्राय-एक्स फिल्म दोन्हीकडे घातली तरी त्यांची प्रिंट गुळगुळीत यायची. फिल्मची स्पीड तीच, दाणे तेवढेच, पण ३५ मिमीची निगेटिव्ह जास्त ताणावी लागते म्हणून दाणा मोठा दिसतो.

फिल्मच्या काळात आयएसओ ही फिल्म विकत घेतानाच ठरायची गोष्ट होती. आधी अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन असे दोन वेगळे आकडे चालायचे, ते १९७४ पासून आयएसओ नावाखाली एकत्र आले. ४०० ची ट्राय-एक्स डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून १६०० ला ‘पुश’ करणं हा प्रेस फोटोग्राफरचा रोजचा धंदा होता, १९८८ मध्ये कोडॅकने टी-मॅक्स पी३२०० आणली तेव्हा तर ३२०० हा आकडाच लोकांना चैन वाटला. दाणे असायचेच, ते गृहीत धरलेले. रात्रीच्या नाटकाचा फोटो दाणेदार नसेल तर कसा असेल, असं.

मग डिजिटल आलं आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. १९९१ चा कोडॅक डीसीएस म्हणजे निकॉन एफ३ च्या पाठीमागे डिजिटल बॅक आणि खांद्याला लटकवायचं वेगळं स्टोरेज युनिट, १.३ मेगापिक्सेल, आणि सेन्सर २०.५ बाय १६.४ मिमी. पूर्ण ३६ बाय २४ चा सेन्सर बनवणं परवडणारं नव्हतं. कारण सिलिकॉनच्या गोल वेफरवर सेन्सर छापले जातात, वेफरवर कुठेतरी दोष असतातच, सेन्सर जेवढा मोठा तेवढा एकेका दोषाने एकेक मोठा तुकडा फुकट जाणार, आणि गोलातून मोठे आयत कापले की कडेची वाया जाणारी जागाही जास्त. कॅननने स्वतःच २००६ च्या सुमारास लिहून ठेवलंय की आठ इंची वेफरवर फुल फ्रेमचे जेमतेम २० सेन्सर बसतात, आणि छपाईच्या यंत्राचं क्षेत्र एका झटक्यात तेवढं झाकत नसल्यामुळे एकेका थराला तीन वेळा एक्स्पोजर द्यावं लागतं. त्यामुळे क्रॉप हा फॉरमॅट कोणी आवडीने निवडलेला नाही, तो हिशोबात बसला म्हणून आला. त्याचं ‘एपीएस-सी’ हे नावसुद्धा १९९६ च्या त्या अल्पायुषी एपीएस फिल्मच्या एका मापावरून उचललेलं.

यात एक मजेदार आडवळण आहे, फार लोकांना माहीत नसतं. निकॉन आणि फुजीने मिळून १९९५ च्या सुमारास ई२ नावाचा कॅमेरा काढला, सेन्सर बोटाच्या नखाएवढा पण लेन्सचा अँगल मात्र पूर्ण ३५ मिमीचा मिळायचा, कारण आत आणखी काचा बसवून अख्खी प्रतिमा छोटी करून त्या सेन्सरवर पाडली होती. प्रतिमा छोटी झाली की प्रकाश एकवटतो, म्हणून त्या कॅमेऱ्याचा आयएसओ सुरूच व्हायचा ८०० पासून! बॉडी अवजड झाली, मोठ्या ॲपर्चरचा (लेन्सच्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा) फायदा आतल्या काचांनी खाल्ला, प्रयोग पुढे गेला नाही, पण लेन्समधून आलेला एकूण प्रकाश किती हे महत्त्वाचं, ही गोष्ट तेव्हाच्या इंजिनिअर लोकांना पक्की ठाऊक होती हे त्यातून कळतं.

१९९९ ला निकॉन डी१ आला, २.७ मेगापिक्सेल, क्रॉप सीसीडी (तेव्हाचा नेहमीचा सेन्सरचा प्रकार), सहा हजार डॉलरच्या आत, आणि वर्तमानपत्रांनी फिल्म सोडायला सुरुवात केली. २००० मध्ये कॅननने डी३० मध्ये सीमॉस हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर घातला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, सीमॉस म्हणजे स्वस्तातला वेबकॅमचा माल अशी समजूत होती. पण कॅननने पिक्सेलच्या शेजारीच नॉइज वजा करणारं सर्किट बसवलं होतं आणि निकाल स्वच्छ आला.

आता गंमत बघा, पहिले फुल फ्रेम कॅमेरे हाय आयएसओला चक्क वाईट होते. २००२ चा कॉन्टॅक्स एन डिजिटल, पहिला फुल फ्रेम डीएसएलआर, त्याची आयएसओ रेंज २५ ते ४००. बस्स, ४०० ला दुकान बंद. तोच फिलिप्सचा सीसीडी घेऊन पेंटॅक्सही एक बॉडी काढणार होती, ती त्यांनी आधीच गुंडाळली. त्याच वर्षी जाहीर झालेला कोडॅकचा १४एन, जवळजवळ १४ मेगापिक्सेल, कागदावर दणदणीत पण नॉइजच्या बाबतीत बदनाम. कॅनन १डीएस बरा होता, पण तोही १२५० ला थांबायचा आणि किंमत आठ हजार डॉलर. त्याच सुमाराला क्रॉपवाला कॅनन १०डी १६०० सहज आणि ओढूनताणून ३२०० देत होता. तेव्हा जर कोणी म्हटलं असतं की फुल फ्रेम म्हणजे अंधारात राजा, तर लोक हसले असते. फुल फ्रेम घ्यायचा तो वाइड अँगल लेन्ससाठी आणि स्टुडिओतल्या डिटेलसाठी.

इथे जरा भौतिकशास्त्र सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि तो एकसारखा येत नाही, कमीजास्त होतो, आणि हे कमीजास्त होणं फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाएवढं असतं. १०० फोटॉन पकडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पकडले तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. म्हणून काळोखात दिसणारा बराचसा नॉइज कॅमेऱ्याचा नसतोच, प्रकाशाचाच असतो. आयएसओ वाढवला म्हणून नॉइज येतो असं आपण बोलतो खरं, पण आयएसओ वाढवायची वेळ येते तीच प्रकाश कमी पकडलाय म्हणून. आता फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, निकॉन-सोनीच्या क्रॉपचं साधारण ३६७, कॅननच्या क्रॉपचं ३३२. तेच ॲपर्चर, तोच शटर, तीच फ्रेम, तर फुल फ्रेम २.३५ पट जास्त प्रकाश गोळा करतो, स्टॉपच्या भाषेत सव्वा स्टॉप, कॅननच्या बाबतीत त्याहून जरासा जास्त. भौतिकशास्त्र एवढाच फरक देतं. याच्या वर जे दिसेल ते सर्किटचं.

मग दंतकथा तयार कधी झाली? ऑगस्ट २००५ मध्ये कॅनन ५डी आला, १२.८ मेगापिक्सेल, ३,२९९ डॉलर, पहिल्यांदा फुल फ्रेम सामान्य माणसाच्या नाही तरी निदान कर्ज काढणाऱ्या माणसाच्या आवाक्यात आला आणि त्याचे १६०० चे फोटो बघून लोक गप्प झाले. निकॉनकडे तोपर्यंत एकही फुल फ्रेम डिजिटल बॉडी नव्हती. मग २३ ऑगस्ट २००७, निकॉनने एकाच दिवशी दोन कॅमेरे जाहीर केले: डी३ फुल फ्रेम आणि डी३०० क्रॉप, दोन्ही १२ मेगापिक्सेलचे. यापेक्षा सरळ सामना काय मिळणार? डी३ ची नेहमीची रेंजच ६४०० पर्यंत, ताणून २५,६००. स्टेडियममधले, स्टेजवरचे फोटो ६४०० ला काढून लोक छापायला लागले आणि डी३०० त्याच्या शेजारी १६०० लाच हाशहुश्श.

पण इथेच मेख आहे. डीएक्सओमार्क या चाचण्या करणाऱ्या साइटने नंतर सेन्सर मोजायला सुरुवात केली, त्यांचा कमी प्रकाशाचा स्कोअर म्हणजे ठरावीक दर्जा टिकवून कुठल्या आयएसओपर्यंत जाता येतं तो आकडा. डी३ चा २२९०, डी३०० चा ६७९. म्हणजे ३.३७ पट, पावणेदोन स्टॉप! क्षेत्रफळातून सव्वाच स्टॉप मिळायला हवा होता, वरचा अर्धा स्टॉप डी३ चा सेन्सर जास्त चांगला होता म्हणून आला, दोघांचे सेन्सर मुळात वेगळ्या डिझाइनचे. सगळ्या जगाने हा सामना पाहिला, त्यातला आकडा डोक्यात बसला आणि तो ‘फुल फ्रेम विरुद्ध क्रॉप’ या नावाखाली बसला. पुढच्या वर्षी निकॉन डी७०० ने तोच सेन्सर छोट्या बॉडीत दिला, कॅननच्या ५डी मार्क टू ने फुल फ्रेमवर व्हिडिओ चढवला, आणि आपल्याकडे लग्नाच्या बाजारात तर मार्क टू नसेल तर ऑर्डर कशी मागायची अशी अवस्था. गोरज मुहूर्ताला कार्यालयातले पिवळे दिवे आणि वर फ्लॅश मारू नका म्हणणारे यजमान, तिथे त्या स्टॉपची किंमत खरोखर होती, हे मी नाकारत नाही.

२०१० मध्ये चित्र बदललं, आणि याचा गाजावाजा मात्र त्या मानाने काहीच झाला नाही. निकॉन डी७००० आणि पेंटॅक्स के-५, दोन्हींत सोनीचा १६ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, ज्यात ॲनालॉगचं डिजिटल करण्याचं काम सेन्सरवरच, प्रत्येक कॉलमला वेगळं होतं, त्यामुळे सिग्नलला लांब तारांतून जाताना चिकटणारा नॉइज जवळपास गेलाच. डी७००० चा स्कोअर ११६७. तीन वर्षांत डी३०० च्या पाऊण स्टॉपहून पुढे, फॉरमॅट तोच. आणि मग २०१२ ला डी८०० आला, ३६ मेगापिक्सेल, त्याच पिढीचं तंत्र, आणि पिक्सेलचं माप डी७००० एवढंच, जवळजवळ तंतोतंत. डी८०० क्रॉप मोडला टाकला की १५ मेगापिक्सेलचा जवळपास डी७००० च हातात येतो. त्याचा स्कोअर २८५३. भागाकार करून बघा, २.४४ पट. सव्वा स्टॉप आणि वर जरासा. क्षेत्रफळाने सांगितलेला आकडा बरोब्बर सापडला, कारण या वेळी बाकी सगळं सारखं होतं.

याच जोडीने ‘मोठे पिक्सेल म्हणजे कमी नॉइज’ हा समजही निकालात काढायला हवा होता, पण तो चिवट निघाला. डी८०० चे पिक्सेल छोटे, १०० टक्के झूम करून बघितलं तर डी३ पेक्षा दाणेदार दिसतोही, पण दोन्ही एकाच मापाची प्रिंट काढा, फरक डी८०० च्याच बाजूने. पिक्सेलला डोळे लावून बसायची सवय आपल्याला मॉनिटरने लावली, फिल्मच्या काळात कोणी निगेटिव्हचा एक दाणा बघून निकाल देत नव्हतं.

जंगलवाले या सगळ्यात वेगळे राहिले. ताडोबात गेट उघडल्यावरचा पहिला तास, झाडोऱ्यात वाघ, लेन्स ६०० मिमीला एफ/६.३ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), तिथे फुल फ्रेम असायला हवा असं वाटतं, पण वाघ लांब असेल आणि फुल फ्रेमचा फोटो नंतर कापून तेवढाच तुकडा वापरायचा असेल तर सेन्सरचा बाकीचा भाग फुकट गेला, उरलेला तुकडा क्रॉपएवढाच, नॉइजही तेवढाच. म्हणून कॅनन ७डी मार्क टू आणि निकॉन डी५०० या क्रॉप बॉड्या या मंडळींनी वर्षानुवर्षं सोडल्या नाहीत. २०१६ च्या त्या डी५०० चा स्कोअर १३२४, आणि ज्या ५डी ने २००५ ला सगळ्यांना गप्प केलं त्याचा १३६८. ११ वर्षांत क्रॉपने मूळ फुल फ्रेम गाठला, पण तोपर्यंत फुल फ्रेम अर्थातच पुढे सरकलेला.

त्यानंतरच्या दशकाचं फार सांगण्यासारखं नाही. वायरिंग पाठीमागे नेलेले बीएसआय सेन्सर आले, २०१४ ला सॅमसंग एनएक्स१ मध्ये क्रॉपला आणि २०१५ ला सोनी ए७आर टू मध्ये फुल फ्रेमला, म्हणजे या वेळी क्रॉप आधी. फायदा झाला पण डी३०० ते डी७००० एवढी उडी पुन्हा दिसली नाही, कारण फोटॉन पकडण्याची कार्यक्षमता मर्यादेच्या जवळ पोचलीय आणि सर्किटचा नॉइज आधीच तळाला गेलाय. आकडे मात्र वाढत राहिले, २०१६ च्या निकॉन डी५ वर ३२,८०,००० लिहिलेलं होतं, तो फोटो कोणी छापत असेल असं मला वाटत नाही. मग डीनॉइज सॉफ्टवेअर: डीएक्सओचं डीपप्राइम २०२० ला, लाइटरूममधलं एआय डीनॉइज २०२३ ला, आता क्रॉपवरचं ६४०० बिनधास्त साफ होतं, अर्थात तेच बटण फुल फ्रेमवालाही दाबतोच.

सव्वा स्टॉप भरून काढायचा खरा प्रयत्न सॉफ्टवेअरच्या आधी काचेने केला होता. २०१३ मध्ये सिग्माने क्रॉपसाठी १८-३५ एफ/१.८ झूम काढली, फुल फ्रेमच्या हिशोबात ती साधारण २७-५३ एफ/२.७ पडते, म्हणजे फुल फ्रेमवर २४-७० एफ/२.८ लावणाऱ्याइतकाच प्रकाश. वजन ८१० ग्रॅम, झूमची रेंज तोकडी, तरी व्हिडिओवाल्यांनी ती अक्षरशः झिजवली. कॅनन-निकॉनने स्वतःच्या क्रॉप बॉड्यांसाठी अशी लेन्स कधी काढलीच नाही. का नाही, ते त्यांच्या फुल फ्रेमच्या किमती बघितल्या की थोडंफार लक्षात येतं. सिग्माची पुढची आवृत्ती, १७-४० एफ/१.८, मिररलेससाठी यायला २०२५ उजाडलं.