संदर्भ देण्याची रीत कुठून आली?

समानता अहवाल (प्रबंधातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो, हे सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल) दहा टक्क्यांच्या आत आला की सुटलो, असं अनेक संशोधक विद्यार्थ्यांना वाटतं. ही टक्केवारी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतली. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ६० पर्यंत वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. पण संदर्भ देण्याची रीत या धाकातून आलेली नाही. वाचकाला मूळ कागदापर्यंत पोचता यावं, यासाठी ती घडली.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उघडून पाहावेत. प्रत्येक पत्राला लेखांक, म्हणजे स्वतःचा क्रमांक आहे. खंड आणि लेखांक दिला की कुणीही तेच पत्र काढून तुम्ही लावलेला अर्थ ताडून पाहू शकतो. नव्या आवृत्तीत पान सरकतं, लेखांक सहसा सरकत नाही; म्हणून पानाबरोबर तोही द्यावाच. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९१९–१९६६), म्हणजे अनेक हस्तलिखित पोथ्या ताडून ठरवलेली संहिता, याहून पुढे जाते. पोथ्यांच्या गटाला एक अक्षर, गटातल्या पोथीला आकडा, आणि कुठल्या पोथीत कोणता पाठ (कोणते शब्द) हे श्लोकाखालीच. संपादकांचा निर्णय पटला नाही, तर तो खोडून काढायचा पुरावा त्याच पानावर मिळतो. इतका प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो.

कंसात लेखक आणि वर्ष देण्याची पद्धत विज्ञानातली. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१च्या गोगलगायीवरील शोधनिबंधापर्यंत तिचा माग नेतात. आज हीच पद्धत वापरणाऱ्या ‘एपीए’ शैलीचं मूळ असलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९२९च्या लेखनसूचना जेमतेम सात पानांच्या होत्या. वैद्यकातली क्रमांकांची पद्धत (मजकुरात फक्त आकडा, त्या आकड्याचा संदर्भ शेवटच्या यादीत) १९७८मध्ये व्हँकूवरला भरलेल्या संपादकांच्या बैठकीतून रुळली.

मराठी प्रबंधांत तळटीपांची जुनी सवय टिकून आहे, आणि तिच्यातला ‘तत्रैव’ फार घात करतो. तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ. मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणून मध्ये एक नवी टीप घातली, की खालचा तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो. म्हणून मसुद्यात प्रत्येक वेळी आडनाव, वर्ष आणि पान लिहावं. तत्रैव घालायचाच तर अगदी शेवटी.

आणखी एक खोड: राजवाड्यांचं पत्र दुसऱ्याच्या ग्रंथात वाचायचं आणि टिपेत थेट राजवाड्यांचा खंड द्यायचा. मधल्या लेखकाने लेखांक चुकवला असेल, तर ती चूक तुमच्या नावावर जमा होते, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती पकडत नाही. खंड हाताशी नसेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असं लिहून ज्या पानावर वाचलं ते पान द्यावं.