बिट, बाइट आणि पॅकेट

संगणकातील माहितीचे सर्वांत लहान एकक म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, आणि नेटवर्कवरून माहिती ज्या तुकड्यांनी जाते त्यांना पॅकेट म्हणतात. बिटाला ० आणि १ या दोनच अवस्था असतात. तारेत त्या विजेच्या दाबाने, फायबरमध्ये प्रकाशाने आणि वायफायवर रेडिओलहरींतील बदलांनी दर्शवतात. एका बाइटात ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. फोटो असो, गाणे असो की सातबाराचा उतारा, संगणकाच्या लेखी सगळे आकडेच.

अक्षरांना आकडे देण्याची आस्की ही पद्धत १९६३ साली आली. तिच्यात १२८ जागा होत्या आणि देवनागरीला एकही नव्हती. पुढे डीटीपीच्या (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या) फॉन्टांनी पळवाट काढली: रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे आकार चढवले. त्यामुळे साताऱ्यात जुळवलेली लग्नपत्रिका सांगलीतल्या छापखान्यात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. (काही छापखान्यांत अजून दिसते.) जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना आकडे देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे मिळाले. ‘स’चा आकडा २३६०. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तो १११००००० १०१००१०० १०१११००० असा तीन बाइटांत लिहिला जातो. ‘सातारा’ म्हणजे तीन व्यंजने आणि तीन काने, मिळून १८ बाइट. रोमन लिपीत हेच नाव सहा बाइटांत आटोपते. एसएमएसची मांडणी वेगळी, पण १६० ऐवजी ७० चिन्हांतच मराठी निरोप तुटतो, तो याच जातीच्या हिशेबामुळे.

खरी गंमत ‘साताऱ्याला’ लिहिताना होते. नेहमीच्या ‘र’चा पाय मोडून ‘या’ जोडला, तर रफार वर चढतो आणि ‘सातार्याला’ असे भलतेच उमटते. ‘ऱ्या’साठी २३५३ क्रमांकाचा वेगळा ‘ऱ’ आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबल्यावर येतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात; पण पहिला ३० बाइटांचा, दुसरा ३३ बाइटांचा. बाइट जसेच्या तसे ताडून पाहणाऱ्या यादीत एक शोधला तर दुसरा सापडत नाही. शुद्धलेखनाची चूक निदान डोळ्यांना दिसते, हा फरक तेवढाही दिसत नाही.

हा शब्द सांगलीला पाठवला की त्यावर लिफाफे चढतात. हे लिफाफे नेटवर्कच्या दोन नियमसंचांचे: मजकूर नीट पोचवणाऱ्या टीसीपीचा किमान २० बाइटांचा, पत्ते सांभाळणाऱ्या आयपीचाही (जुन्या चौथ्या आवृत्तीत) तेवढाच. म्हणजे ३० बाइटांच्या मजकुराला ४० बाइटांचे वेष्टण. आयपीच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. जुन्या चौथ्या आवृत्तीतले पत्ते ३२ बिटांचे, एकूण सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात, म्हणून घरातले फोन १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि राउटर त्या सगळ्यांना मिळून बाहेरचा एकच पत्ता लावतो. मार्गही एसटीसारखा कराडवरून सरळ असेलच असे नाही: चॅटचा निरोप बहुधा आधी त्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जातो, मग सांगलीकडे वळतो.

इथरनेटच्या (तारेने जोडलेल्या नेटवर्कच्या) एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात. त्यामुळे तीन मेगाबाइटचा फोटो दोन हजारांहून अधिक पॅकेटांत विभागला जातो. वाटेत काही हरवतात, काही मागे-पुढे पोचतात. टीसीपी मजकुराच्या बाइटांना क्रमांक देते, पोच न आलेला भाग पुन्हा पाठवते आणि पलीकडे सगळे क्रमाने लावते. वेग मात्र बिटांत मोजतात: ‘१०० एमबीपीएस’ (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. जाहिरातीत बिट आणि फाइलीवर बाइट, ही तफावत ग्राहकाला कोणी सांगत नाही.

आतल्या बाइटांचा अर्थ नेटवर्क पाहत नाही. साताऱ्याहून ३३ बाइट निघाले तर सांगलीला ३३च पोचतात, आणि तिथे ३० बाइटांचा ‘साताऱ्याला’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.