ओट्याचा कोपरा गुण्यात (काटकोनात) नसतो तेव्हा

ओट्यावर ग्रॅनाइट बसवताना कोपऱ्यात बोटभर फट राहिली की सगळा राग दगड कापणाऱ्यावर निघतो. त्यानं बहुतेक वेळा दिलेल्या मापानं बरोबरच कापलेलं असतं. चूक मापातच असते, कारण टेपनं लांबी मोजली जाते, कोन कुणी मोजतच नाही.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीत घराची भिंत बोळाच्या वळणानं जाते. नव्या फ्लॅटमध्येही गिलावा कोपऱ्यात जाड आणि मध्ये पातळ होतो. त्यामुळे 90 ऐवजी 91-92 अंशांचा कोपरा नेहमीच भेटतो. त्यालाच वास्तुदोष समजून पिरॅमिड आणि आरसे विकत घेणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, की हा दोष गिलाव्याचा आहे. ते पैसे चांगल्या मिस्त्रीला द्या.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण 60 सेंमी रुंद ओट्याच्या पुढच्या कडेला त्याची फट 10.5 मिमी होते, आणि 2.4 मीटर लांब भिंतीच्या टोकाला जवळपास 42 मिमी!

तपासायला टेप पुरते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 60 सेंमीला आणि दुसरीवर 80 सेंमीला खूण करा. दोन खुणांमधलं अंतर 100 सेंमी भरलं तर कोपरा काटकोनात आहे. 101 भरलं तर? त्रिकोणाच्या कोसाइन नियमानं (तीन बाजूंवरून कोन काढायचा नियम) 101 चा वर्ग 10201 = 10000 − 9600 × कोसाइन, म्हणजे कोसाइन −0.0209 आणि कोन 91.2 अंश. हे माप ओट्याच्या उंचीवरच घ्या. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसेल तर जमिनीलगतचा कोन वर उपयोगाचा नाही.

तरीही हा आकडा दगडवाल्याला सांगू नका, कोपराच उचलून न्या. 4 मिमी प्लायच्या 6-7 सेंमी रुंद पट्ट्या घ्या. (पुठ्ठा पावसाळ्यात ओलावतो आणि वाकतो.) एक पट्टी भिंतीला टेकवा. भिंतीच्या फुगवट्यांवर ती टेकेल, बाकी ठिकाणी फट दिसेल. सर्वांत मोठ्या फटीहून जाड असा लाकडी ठोकळा घ्या, त्याला पेन्सिल धरून ठोकळा भिंतीलगत सरकवत न्या. पट्टीवर उमटलेली रेघ म्हणजे भिंतीची हुबेहूब नक्कल. रेघेवर कापा, पुन्हा लावून पाहा. दुसरी भिंतही तशीच.

आता दोन्ही पट्ट्या कोपऱ्यात जागच्या जागी चिकटवा आणि त्यांच्यावर तिसरी पट्टी तिरकी टाका. सगळी गंमत या तिरक्या पट्टीत आहे. दोनच पट्ट्या सांध्याशी कात्रीसारख्या हलतात, चार पट्ट्यांची चौकटही कलते. त्रिकोणाचं तसं नाही: तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की तिन्ही कोन आपोआप ठरतात, आणि लांबी न बदलता कोन बदलताच येत नाही. म्हणून हा साचा रिक्षातून हादरत कारखान्यात गेला तरी कोन तोच राहतो.

साच्यावर ‘वरची बाजू’ असं ठळक लिहा. तो उलटा पडला तर आरशातला आकार कापला जातो: कोन तोच राहतो, पण डावी-उजवी बाजू बदलते आणि एका भिंतीची रेघ दुसऱ्या भिंतीला येते.

ग्रॅनाइट आधी, भिंतीच्या टाइल्स नंतर. 8 मिमीची टाइल आणि खालचा 4 मिमी मसाला मिळून 12 मिमी होतात, म्हणजे मागची 10 मिमीपर्यंतची फट झाकून जाते. टाइल्स आधी लागल्या असतील तर ही सोय संपली.

सिंकसाठी भोक पाडताना चारही कोपऱ्यांत आधी 10 मिमीचं गोल छिद्र घ्यायला सांगा. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. 20 मिमी जाडीच्या 2.4 मीटर लांब, 60 सेंमी रुंद तुकड्याचं वजन 78 किलोच्या आसपास असतं, त्यामुळे सिंकपुढच्या अरुंद पट्टीला धरून तो कधीही उचलू नये. शेवटची 2-3 मिमी फट सिलिकॉननं भरा. सिमेंट तिथं भेगाळतं आणि पाणी आत जातं.