पऱ्हाटीवरचे काळे ठिपके

उन्हाळ्यात गावी गेलो, तर शेजारच्या काकू पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगापाशी काडी हातात घेऊन उभ्या. काडीवर बारीक काळे ठिपके. "मोबाइलवर आलं हाय, कायी बुरशी डोये खाते म्हने. हे चुलीत घालू का नोको?"

२०२१च्या काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिस या आजाराची, धास्ती अजून मनातून गेलेली नाही. खरं म्हणजे तो घडवणारी रायझोपससारखी बुरशी काळी नसतेच. तिची वाढ पांढरट-करडी, पिंजलेल्या कापसासारखी. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो. नाव पडलं ते त्यावरून. पऱ्हाटीवरच्या ठिपक्यांचा त्या आजाराशी संबंध नाही. तरीही असा संदेश पुढे ढकलणं आणि वावराला करणी झाली म्हणून धुऱ्यावर लिंबू ठेवणं, मला दोन्ही सारखंच वाटतं. दोन्हीकडे खुद्द काडी कुणी पाहिलेली नसते.

काडी मी घरी आणली. १०पट भिंगाखाली ठिपका म्हणजे साल फोडून वर आलेला फुगवटा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, टोकाला छिद्र. हे बुरशीचं फळ. तिचे धागे आत लाकडात पसरलेले. नव्या ब्लेडने पातळ काप घेतला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि ४००पट मोठा करून पाहिला.

काही ठिपक्यांत सुटे बीजाणू होते, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे. काही रंगहीन, बिनपडद्याचे. काही तपकिरी, मधे एक पडदा आणि अंगावर उभ्या रेघा. दोन जाती वाटतील, पण ही एकच बुरशी, लॅसिओडिप्लोडिया, कच्ची आणि पिकलेली. नुसते कच्चे बीजाणू पाहून नाव ठेवलं की हमखास चूक होते.

दुसऱ्या ठिपक्यांत मात्र लांबट पिशव्या होत्या. या पिशवीला ॲस्कस म्हणतात. आत एका केंद्रकाचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार केंद्रकं होतात, ती पुन्हा दुभागतात, म्हणून प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. पण बघायची असते ती पिशवीची भिंत. इथे ती दुहेरी होती: बाहेरची ताठ, आतली ताणली जाणारी. आतल्या रसात विरघळलेले पदार्थ खूप, त्यामुळे ओल मिळताच पाणी आत ओढलं जातं आणि दाब वाढतो. बाहेरची भिंत टोकाशी फाटते. आतली तिच्यातून सरसर बाहेर येते, बघता बघता दुपटीहून लांब होते, फळाच्या छिद्रातून डोकं काढते आणि बीजाणू एकामागून एक उडवते. काडीलगतची हवा जवळजवळ स्थिर असते. तेवढा थर ओलांडला की पुढचं काम वाऱ्याचं. माझ्या थेंबात एक पिशवी अशी सुटली, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. पहिल्या पावसात ढिगातल्या काड्यांवर हेच चालतं.

एकेरी भिंतीसारखं वागणाऱ्या पिशव्यांत हा प्रकार नसतो. त्या टोकाशी उघडतात आणि बीजाणू फेकतात. अमेरिकी बुरशीतज्ज्ञ ई. एस. लट्रेल यांनी १९५१ साली हा फरक वर्गीकरणाच्या केंद्रस्थानी आणला. डीएनए तपासण्याच्या आजच्या काळातही डोथिडिओमायसीट्स हा प्रचंड वर्ग ओळखायला तीच खूण आधी पाहतात. त्यापुढे बीजाणूंचे पडदे मोजायचे, लांबी-रुंदी मोजायची, रंग पाहायचा. एका बुरशीच्या दोन अवस्थांना (पिशव्या करणारी आणि सुटे बीजाणू देणारी) दोन नावं देण्याची जुनी रीत २०११च्या मेलबर्न परिषदेत मोडीत निघाली, पण जुन्या पुस्तकांत दोन्ही भेटतात.

सोयाबीनच्या वाळल्या खोडाची साल खरवडल्यावर कोळशाची पूड शिंपडल्यासारखं दिसलं, तर ती बहुधा मॅक्रोफोमिना नावाची बुरशी. त्या कणांना छिद्र नसतं, आत बीजाणू नसतात. ते घट्ट गुंफलेल्या धाग्यांचे गोळे असतात आणि जमिनीत तग धरून पुढच्या पिकाची मुळं गाठतात. हे खोड वावरात राहू देऊ नये.

काकूंची पऱ्हाटी चुलीत गेली. वीतभर तुकडा तेवढा मी कागदी पाकिटात ठेवलाय. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून दुसऱ्याच बुरश्या चढतात. पाकिटावर झाड, गाव आणि तारीख लिहिली आहे. नावाची जागा अजून कोरी आहे, पडदे मोजायचे राहिलेत.