टॉवरच्या पाटीवर नसलेली नावे

मोठ्या साइटच्या गेटवर पाटी असते. विकासकाचे नाव, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, महारेरा क्रमांक. आत मुकादमाकडे एक वही असते. अशी एक वही मी पाहिली आहे. तिच्यात आडनावे नव्हतीच. ‘राजू’, ‘राजू छोटा’, ‘कटिहारवाला’, पुढे हजेरीच्या रेघा आणि आठवड्याला दिलेली खर्ची. वही भरली की फेकून द्यायची. इमारत बांधताना जे गेले त्यांची आठवण ठेवायची म्हटले, तर पहिली अडचण इथेच येते. नाव लिहिलेले कुठे आहे?

गिरणी कामगारांशी तुलना केली की हे नीट कळते. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या झाल्या. परळ, लोअर परळ, वरळीचे टॉवर त्या जमिनींवर आले. पण गिरणी कामगाराकडे तिकीट नंबर होता, मस्टर होते, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद होता. त्या जोरावर तो आणि त्याचे वारस पुढे घरासाठी भांडू शकले. त्याच जागी टॉवर चढवणाऱ्या बिगाऱ्याकडे यातले काहीच नव्हते. पूर्वी या कामावर वडार समाजातली माणसे असत, १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली मराठवाड्यातली कुटुंबे असत. पुढे बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालमधून माणसे आली. नोंद न ठेवण्याची रीत मात्र तीच राहिली.

कायद्याच्या नजरेत हा मजूर पहिल्यांदा ठळकपणे आला तो दिल्लीत. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल घाईने बांधले जात होते. तिथल्या पिळवणुकीबद्दल पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. पैसे मजूर पुरवणाऱ्या जमादाराच्या हातात जायचे आणि तो माणशी १ रुपया आपल्याकडे ठेवायचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे ही वेठबिगारीच, असे न्यायालयाने त्या खटल्यात सांगितले. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, तिथे १४ वर्षांखालची मुले चालणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे.

त्याच वर्षी तमिळनाडूने अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला. देशभरासाठी तसा कायदा हवा म्हणून १९८५मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती उभी राहिली. संघटनांनी १० वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९९६चा बांधकाम कामगार कायदा आणि त्याच्या जोडीचा उपकर कायदा आला. बांधकाम खर्चाचा किमान १ टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जाणार होता. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ साल उजाडले.

हा कायदा लागू होता तेव्हा त्यातले कलम ३९ मला फार बोचायचे. साइटवर मृत्यू झाला तर मालकाने कळवायचे. अधिकाऱ्याला योग्य वाटले तर तो चौकशी करू शकत असे. चौकशी बंधनकारक कधी? एका अपघातात ५ किंवा जास्त माणसे गेली तर, आणि तीही महिन्याच्या आत. सेंट्रिंग करताना, परांचीवर, लिफ्टच्या रिकाम्या डक्टमध्ये माणसे एकेकटी पडतात. त्या एकट्याच्या मरणासाठी त्या कायद्याने सक्तीची चौकशी ठेवलीच नव्हती. आपल्यालाही आठवतात ते मोठे आकडेच. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण गेले. त्यांत तिथेच राहणारे मजूर होते, त्यांची लहान मुले होती. जून २०१९मध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत मध्यरात्री शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. बिहारमधले १५ जण झोपेतच गेले. १० सप्टेंबर २०२३ला ठाण्यात ४० मजली इमारतीच्या गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग आटोपून मजूर खाली येत होते. लिफ्ट तळघरापर्यंत कोसळली, ७ जण गेले. दिवसाचे काम संपले होते, नुसते खाली उतरायचे राहिले होते.

कॅनडातल्या संघटनांनी १९८४पासून २८ एप्रिल हा कामावर मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस पाळायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना २००३पासून तो सुरक्षा दिन म्हणून पाळते. आपल्याकडे तो बहुतेकांना ठाऊक नाही.

कामगारांच्या कल्याणासाठी पैशांची कमतरता नव्हती. मार्च २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच हिशेब मांडला. देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमला होता आणि त्यातले सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले होते. १९९६चा कायदा आता २०२०च्या श्रमसंहितांमध्ये सामावला आहे. जुनी अट नव्यातही आहे: मंडळाकडे नाव नोंदवायचे तर आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले हवे. त्याचा दाखला सहसा ठेकेदाराने द्यायचा असतो. दाखला दिला, तर हा माणूस आपल्याकडे कामाला होता हे कागदावर येते. म्हणून तो टाळतो, आणि राजू छोटा स्लॅब झाला की पुढच्या साइटवर जातो, नव्या वहीत.