अली हात खाली ठेवायचा, मग मी का नको?

‘बॉक्सर मुहम्मद अली हात खाली सोडून लढायचा, गार्डबिर्ड (चेहरा वाचवायला हात वर धरणं) घोटत बसायची गरज नाही, स्टाइल अंगातच असावी लागते.’ हा समज कित्येक वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि नवशिक्यांना फार महागात पडतो.

अलीने १९५४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्याच्यामागे सहा वर्षांची हौशी कारकीर्द होती. हात खाली असताना त्याला वाचवायचे ते पाय आणि अंतराचा अचूक अंदाज. इतकं असूनही १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या आणि १९७१ मध्ये जो फ्रेझरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) तो खाली पडलाच.

नवशिक्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जरा जवळून बघा. ठोसा नीट जातो, पण हात परत हनुवटीशी येण्याऐवजी कमरेकडे घसरतो. नेमक्या त्या क्षणी समोरच्याचा उजवा उघड्या गालावर बसतो. त्यात पाय एका रेषेत आले असतील, तर तोलही जातो. ही सवय आधी मोडायला हवी, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात.

स्टाइल पुढे आपल्या शरीरातूनच येते: लांब हातांचा जॅबवर खेळतो, बुटका समोरच्याच्या अगदी जवळ, आत शिरतो.