सरडगुहिऱ्यांचे सहपालन
एकाच पिंजऱ्यात दोन किंवा अधिक सरडगुहिरे (घोयरा, शॅमेलिऑन) ठेवणे. हा प्राणी एकलकोंडा असून विणीचा काळ सोडला तर स्वजातीयांना टाळतो.

नावाचा घोळ जुना आहे. नाशिकच्या मळ्यांत कुंपणावर दिसणारा, विणीच्या काळात डोके-गळा लाल होणारा बागेतला सरडा वेगळ्या कुळातला. खऱ्या गुहिऱ्याची बोटे चिमट्यासारखी जुळलेली, शेपटी गुंडाळलेली, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. भारतीय जातीला ऑस्ट्रियन निसर्गतज्ज्ञ लॉरेंटीने १७६८ मध्ये ‘झेलॅनिकस’ म्हणजे सिंहली म्हटले, पण ती भारतातही आढळते. ‘सरडा’ हा शब्द संस्कृत ‘सरट’वरून आला असावा, संस्कृतातला ‘कृकलास’ म्हणजे गुहिराच, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

परिसराशी मिळतेजुळते होण्यासाठी तो रंग बदलतो, ही समजूत मागे पडली आहे. तापमान, प्रकाश आणि मनःस्थिती ही कारणे अधिक ग्राह्य वाटतात. पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील ग्वानिन या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलल्याने रंग पालटतो, असे २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखवले. व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नरांच्या झुंजींवरील २०१३ च्या अभ्यासात ज्याचे रंग अधिक उजळ आणि झपाट्याने उजळणारे, त्याची सरशी होते असे आढळले. हरणारा काळवंडतो, हीच त्याची शरणागती. रानात तो मग निघून जातो. पिंजऱ्यात जायला जागाच नसते.

म्हणूनच चावे आणि ओरखडे हा धोक्याचा लहान भाग होय. ‘दोघं भांडत नाहीत, छान जमलंय’ असे पाळणारे सांगतात तेव्हा आत बहुधा असे दिसते : एक वरच्या फांदीवर दिव्याखाली अंग चपटे करून शेकतो आहे, दुसरा खालच्या कोपऱ्यात, काळपट, भर दिवसा डोळे मिटून. त्याच्या वाट्याला ऊब नाही, किडे नाहीत, पानांवरचे थेंबही कमीच. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत शेक न मिळाल्यास त्याचे पचनच थंडावते. ताणाने प्रतिकारशक्ती घटते आणि विष्ठेतून पसरणारे परजीवी बळावतात. नर-मादी एकत्र असल्यास नराचा पिच्छा सुटत नाही. वारंवार गाभण राहून मादी खंगते, कधी अंडी अडकून दगावते. पिल्ले आरंभी एकत्र राहतात, पण वाढू लागताच शेपट्या चावतात. मधे काच घालून भागत नाही. दिसणे हाच ताण असल्याने आडोसा अपारदर्शक हवा.

भारतीय गुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो एकटाही पाळता येत नाही. आंजनेरी-त्र्यंबकच्या रस्त्यावर किंवा बांधावर सापडलेले दोन गुहिरे रात्रभर एका खोक्यात कोंडणे हेही सहपालनच. तो विषारी नाही. वाटेवरचा असेल तर फांदीवर चढवून जवळच्या झाडावर सोडावा. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवावे, आणि तोवर प्रत्येकाला वेगळे खोके द्यावे. परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर होते.